शेवटच्या पट्टीचं पाणी

पांझरा नदीच्या काठी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला नदीत दगडी बंधारा होता. तो कुणी बांधला हे कुणालाच सांगता येत नसे. तीनशे वर्षं तरी झाली असतील, असं म्हातारे म्हणत. बंधाऱ्यातून पाट निघे, पाटाला चाऱ्या फुटत, आणि त्या पाण्यावर गावाची बागायत पिके.

भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणत. थळाचे चार फड होते. पावसाळा सरत आला की पंच बसत आणि ठरवत, यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पलीकडे भुसार. पाणी कमी दिसलं तर एक फड पडीक. एका फडात एकच पीक, मग जमीन कुणाचीही असो. बहुतेकांच्या जमिनी चारही फडांत पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेल्या होत्या. त्यामुळे अमुक फडाला पाणी द्या आणि तमुक ठेवा, असा आग्रह धरण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

पाणी आपल्या हातानं घ्यायची कुणाला परवानगी नव्हती. पाटाचं दार उघडायचं आणि लावायचं ते पाटकऱ्यानं. त्याच्यावर हवालदार होता, रात्री पाटाची राखण करायला जागल्या होता. खळं झालं की या सगळ्यांना घरटी धान्य मिळे. आखाजीचा सण झाला की गाव पाटावर उतरे आणि गाळ काढी. घरातून एक माणूस यायचा, नाहीतर त्याच्या बदली धान्य द्यायचं. असं किती पिढ्या चाललं होतं.

त्या गावात दोन मित्र होते. एकाला सगळे नाना म्हणत, दुसऱ्याला जिभाऊ. नाना पंचांचे म्होरके होते. जिभाऊ तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून गावी परतले होते. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर दोघं बसत आणि रोज तोच वाद घालत.

नाना म्हणायचे, "सरकारनं चोर धरावा, सारा घ्यावा आणि आपल्या घरी जावं. बाकीचं आमचं आम्ही बघतो. हा पाट बघ. यात सरकारचा एक दगड आहे का?"

जिभाऊ म्हणायचे, "नाना, तुमचा पाट तुमच्या शिवेपर्यंत. शिवेपलीकडे कुणी तहानेनं मेलं तर तुमचे पंच काय करणार? सरकार मायबाप आहे. शिकवणं, औषधपाणी, पोटाला घालणं, सगळं त्यानंच करायचं."

ऐकणारे हसत. दोघांचंही पटे, म्हणून कुणी निवाडा करत नसे.

पाटकरी खाली पायरीवर बसून ऐके. तो बोलत नसे. चारही फडांचं पाणी त्याच्या हातात होतं, पण त्याची स्वतःची जमीन एवढीशीच, शेवटच्या फडाच्या शेवटच्या कोपऱ्यात एक पट्टी. एका वर्षी पाऊस ओढला. पंच बसले आणि शेवटचा फड पडीक ठेवायचं ठरलं. नाना म्हणाले, "तोटा सगळ्यांना सारखा आहे. कुणाची कुरकुर नाही ना?" कुणाचीच नव्हती. पाटकऱ्यानं त्या साली बाकीचे तीन फड नेहमीसारखे भिजवले. रात्री बायकोनं विचारलं, "आपल्या पट्टीचं काय?" तो म्हणाला, "तोटा सगळ्यांना सारखा आहे म्हणतात." आणि झोपला.

मग 1972 चा दुष्काळ आला. त्याच्या आधीचं सालही कोरडंच गेलं होतं. या साली नदीच आटली. बंधाऱ्याच्या भिंतीखाली पोरं गोट्या खेळू लागली. पंच बसले, पण वाटायला काही नव्हतं. हवालदारानं काठी भिंतीला टेकवली आणि पाटकरी बंधाऱ्यावर नुसता चक्कर मारून येऊ लागला. ज्यांच्या कणगीत धान्य होतं ते काही महिने टिकले, मग त्यांचीही कणगी वाजू लागली.

सरकारनं रस्त्याचं काम काढलं. खडी फोडायची, माती टाकायची, आठवड्याला मोजमाप होऊन पैसे. कामावर पोरांना सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे, तिची भाकरी कुणाला आवडत नसे, पण तिनंच माणसं जगली. नानांच्या घरचं कुणी कधी दुसऱ्याच्या कामावर गेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात नानांची सून डोक्यावर घमेलं घेऊन उभी राहिली. तिच्या पुढे पाटकऱ्याची बायको होती. घमेल्याला घमेलं लागत होतं आणि मजुरीचा दरही दोघींना एकच होता.

एके दिवशी नाना स्वतः खडी फोडायला गेले. संध्याकाळी ओट्यावर आले तेव्हा हाताला फोड होते. जिभाऊ म्हणाले, "आता बोला नाना, सरकार लागतं की नाही?"

नाना म्हणाले, "लागतं. कबूल." आणि त्या दिवसापासून त्यांनी वाद घालणं सोडलं.

पुढे 1977 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. 1979 च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला, तेव्हा जिभाऊंनी ओट्यावर पेढे वाटले. नानांनीही एक खाल्ला. वादात माणूस हरला की त्याचं होतं नव्हतं ते सगळंच खोटं ठरलं असं गावात धरतात. नानांचंही तसंच झालं. पंच काही म्हणाले की लोक म्हणू लागले, दुष्काळात कुठे होते पंच?

नदीच्या वरच्या अंगाला धरण झालं. धरणाचं पाणी ठरावीक दिवसांनी सुटू लागलं. त्याला आवर्तन म्हणायला गाव शिकलं. जुना पाट पाटबंधारे खात्याच्या नोंदीत गेला. पाणीपट्टीची बिलं येऊ लागली. आखाजी आली तेव्हा नानांनी दवंडी द्यायला सांगितली, तर जिभाऊ म्हणाले, "आता कशाला? पाट खात्याचा आहे. आपण पाणीपट्टी भरतो, गाळ त्यांनी काढायचा."

बोलणं चुकीचं नव्हतं. त्या वर्षी निम्मी माणसंच पाटावर आली. पुढच्या वर्षी कुणीच आलं नाही. पाटकऱ्याचं धान्य थांबलं, कारण आता खात्याचा कालवा चौकीदार होता. तो एकटा, आणि त्याच्याकडे गावं कितीतरी. तो सायकलवरून यायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि जायचा. पाटात गाळ बसला. गाळावर गवत आणि गवतात बाभळी उगवल्या. जिभाऊंनी खात्याला अर्ज केला, उत्तर आलं नाही, म्हणून दुसरा केला. अर्जांच्या नकला ते पत्र्याच्या पेटीत ठेवत. पेटी भरली.

वरच्या फडातल्या लोकांनी पाटात सरळ मोटारी टाकल्या. मोटार असली की पंचांना विचारायचं काय कारण? ज्यानं त्यानं ऊस लावला. ऊस जेवढं पाणी मागेल तेवढं पाटात असेपर्यंत त्याला मिळे. खालच्या फडांत आवर्तनाचं पाणी चौथ्या दिवशी पोचे, मग सातव्या दिवशी, मग पोचेचना. पंच बसायचे बंद झाले. त्यांना कुणी बंद केलं नव्हतं, ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून.

नाना एकदा काठी टेकत वर गेले आणि एका मोटारवाल्याला म्हणाले, "बाबा, खाली माणसं आहेत."

तो तरणा होता, उद्धट नव्हता. म्हणाला, "नाना, पाट सरकारचा आहे. तुम्ही सांगून मी कसा काढू? साहेबांना सांगा."

जिभाऊ साहेबांकडे गेले. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचं गाव जुनं, समजूतदार. गावातल्या गावात मिटवा की."

अशी पंचवीसेक वर्षं गेली. पाटकरी वारला. त्याची बायको म्हातारी झाली. पट्टी तीच होती, शेवटच्या फडाच्या शेवटच्या कोपऱ्यात. पावसावर बाजरी आली तर आली, नाहीतर ती दुसऱ्याच्या कापूसवेचणीला जाई.

एका संध्याकाळी ती देवळाच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. दोघं म्हातारे बसले होते. एवढ्या वर्षांत ती तिथे कधी बोलायला आली नव्हती.

ती म्हणाली, "नाना, तुमच्या राज्यात माझी पट्टी पडीक राहायची. जिभाऊ, तुमच्या राज्यात ती कोरडी राहते. दोन्हींत फरक काय ते मला समजावून सांगा. मी अडाणी आहे."

नाना म्हणाले, "बाई, आमच्या वेळी तोटा सगळ्यांना सारखा होता."

ती म्हणाली, "तुमच्या चार पट्ट्या होत्या नाना. चारातली एक गेली, तीन राहिल्या. माझी एकच. एकातली एक गेली तर किती राहतात?"

नाना काही बोलले नाहीत. पंचांच्या बैठकीत किती वेळा बसले, पण हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता, आणि करायला लावणारं तिथे कुणी नव्हतं. पाटकरी पायरीवर असे.

जिभाऊ सांगू लागले की त्यांनी कितीतरी अर्ज केले आहेत. ती म्हणाली, "अर्जात काय लिहिता?"

"पाट साफ करून द्यावा. पाणी शेवटपर्यंत पोचवावं."

"पाट तर आपण दरवर्षी साफ करायचो. तो कशाला मागता? मोटारी काढायला सांगा. ते आपल्याच्यानं होत नाही, तेवढं मागा."

त्या रात्री जिभाऊंना झोप लागली नाही. सकाळी ते तालुक्याला गेले आणि चौकशी करून आले. 2005 मध्ये सरकारनं नवा कायदा केला होता. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती द्यायचं, त्यांनी पाणी वापर संस्था काढायची. खात्यानं संस्थेला पाणी मोजून द्यायचं, पुढे ते कसं वाटायचं ते संस्थेनं बघायचं. कारभारी मंडळात वरचे, मधले आणि शेवटचे असे तिन्ही भागांतले लोक असायला हवेत, असंही कायद्यात होतं. हे वाचून दाखवलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "शेवटचे म्हणजे आम्ही ना? पुन्हा वाचा."

कुणीतरी सांगितलं की नाशिकजवळ ओझरला असं आधीच झालंय. वाघाड धरणाच्या कालव्यावर शेवटी असलेल्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं लोकांना जमवलं आणि 1990 नंतर तिथे संस्था उभ्या राहिल्या. गावातली माणसं एसटीनं ओझरला गेली. नानांना गुडघ्यांमुळे जाता आलं नाही. म्हातारी गेली. तिनं तिथे कार्यालय पाहिलं नाही, सभा ऐकली नाही, सरळ कालव्याच्या कडेनं चालत गेली आणि शेवटच्या शेतात द्राक्षाचा वेल हातानं चाचपून आली.

परत आल्यावर भांडण झालं, आणि चांगलंच झालं. वरचे म्हणाले, आम्ही मोटारींवर पैसा घातलाय. खालचे म्हणाले, आम्ही पाणीपट्टी भरून बाजरी खाल्ली. एकानं नानांना तोंडावर सांगितलं की ही पंचांची जुनी हौस आहे. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंच नकोत. मी त्यात नाही. तिघं वरचे घ्या, तिघं मधले, तिघं खालचे. माझं नाव कुठेही घालू नका." या एका वाक्यामुळे निम्मं भांडण शमलं. उरलेलं शमलं नाही. काही मोटारवाले शेवटपर्यंत ऐकेनात.

तेव्हा जिभाऊंनी आयुष्यातला सगळ्यात लहान अर्ज लिहिला. त्यात गाळ नव्हता, बाभळी नव्हत्या, दुरुस्ती नव्हती. पाटातल्या बेकायदा मोटारी काढाव्यात, एवढीच मागणी होती. खाली संस्थेचा शिक्का होता. साहेब बदलून नवे आले होते. त्यांनी अर्ज वाचून विचारलं, "बाकी काम?" जिभाऊ म्हणाले, "बाकी आम्ही करतो." खात्याची जीप आली, पंचनामा झाला आणि मोटारी निघाल्या. ज्याच्या मोटारीला हात लावायची गावातल्या कुणाची छाती नव्हती, त्यानं सरकारी कागदावर मुकाट्यानं सही केली.

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी पाटावर गाव उतरलं. तीस वर्षांचा गाळ होता, चार दिवसांत निघणारा नव्हता. तरण्या पोरांना कुदळ कशी धरायची ते नाना खाटेवरून ओरडून सांगत होते. जुन्या चाऱ्यांची तोंडं कुठे होती ते कुणालाच आठवेना. ती म्हातारीला ठाऊक होती. नवऱ्याला रात्री भाकरी घेऊन ती पाटावर जात असे. ती पुढे चालली आणि पायानं दाखवत गेली, इथे खणा, आता इथे. दार सापडलं की पोरं आरोळी देत.

संस्थेचे नियम लिहायला बसले तेव्हा एक गोष्ट राहिली होती. टंचाईच्या साली काय करायचं? नाना म्हणाले, "ज्याची एकच पट्टी आहे त्याला पाणी आधी. हे आता आम्हाला कळलंय. लिहायची काय गरज, आम्ही देऊच."

म्हातारी म्हणाली, "लिहा."

"बाई, विश्वास नाही का तुमचा?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या नातवावर कसा ठेवू? लिहा."

जिभाऊंनी लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं अंगठा केला.

त्या हिवाळ्यात आवर्तन सुटलं. संस्थेनं नेमलेला पाटकरी रात्रभर पाटावर होता. शेवटच्या फडात पाणी तिसऱ्या दिवशी पोचलं. म्हातारीनं त्या पट्टीत हरभरा केला होता. बारं धरायला कुणाला बोलावलं नाही. पदर खोचला आणि स्वतः उतरली.

सरकार किती असावं, यावर आपल्याकडे ओट्याओट्यावर भांडण होतं. कुणी म्हणतं सगळं सरकारनं करावं, कुणी म्हणतं सरकारनं वाटेत येऊ नये. नाना आणि जिभाऊ दोघंही प्रामाणिक होते, आणि दोघांच्याही म्हणण्याला अनुभवाचा आधार होता. गाव आपल्या हातानं पाट राखू शकतं हे खरं, आणि नदी आटली की गावाचे हात अपुरे पडतात हेही खरं. पण नानांच्या गावात पाटकऱ्याला दाद मागायला जागा नव्हती, आणि जिभाऊंच्या सरकारात गावाला कुदळ उचलायला कारण उरलं नव्हतं. ही उणीव दोघांपैकी एकालाही दिसली नाही, कारण दोघांनाही चार पट्ट्या होत्या. म्हणून सरकारचं काम काय, हे ठरवायला बसाल तेव्हा एकच पट्टी असलेल्या माणसाला पायरीवर बसवू नका, बैठकीत घ्या. गावाला काय जमतं आणि काय जमत नाही, हे तो बिनचूक सांगेल. दोन्हींची किंमत त्यानं मोजलेली असते.

नाना आणि जिभाऊ आता नाहीत. गावात सगळं गोड झालं असंही नाही. वरचे आणि खालचे अजून भांडतात, पाणीपट्टी थकते, एखाद्या रात्री कुणी दार मोडतं. पाटाचा गाळ गाव काढतं, पाटकऱ्याचा पगार संस्था देते. धरणाची दुरुस्ती आणि पाण्याची मोजणी खातं करतं. भांडण गावात मिटलं नाही तर खात्याकडे अर्ज जातो, आणि तो अर्ज आता एका पानाचा असतो.